मूठभर तांदूळ आणि अनुदानाचा अर्ज

मिझोराममध्ये घरोघरी एक रीत पाळतात. स्वयंपाकासाठी तांदूळ काढले की त्यातली एक मूठ बाजूला, वेगळ्या डब्यात पडते. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला हाच नेम. ठरलेल्या दिवशी चर्चच्या बायका दारोदार जाऊन ते तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि त्या पैशावर मंडळीचं काम चालतं. ‘बुहफाई थाम’ या नावाची ही प्रथा १९१० च्या सुमारास सुरू झाली आणि आजही चालू आहे. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचकारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनंही मूठ-मूठ धान्य गोळा करून पोरांची जेवणं चालवली. मराठी वाचकाला मिझो बाईच्या त्या डब्याचं मोल समजावून सांगायला नको.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्करानं सत्ता बळकावली. मिझोरामची म्यानमारशी ५१० किलोमीटरची सीमा आहे आणि पलीकडे आहे चिन राज्य. तिकडचे चिन आणि इकडचे मिझो एकाच मोठ्या कुळातले, बोली एकमेकींच्या जवळच्या, नात्यागोत्याची माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना. गोळीबार आणि जाळपोळ सुरू झाली तशी कुटुंबंच्या कुटुंबं सीमेवरची तिआउ नदी ओलांडून चम्फाई जिल्ह्यातल्या झोखावथारसारख्या गावांत येऊ लागली. पुढे हा आकडा तीस हजारांवर गेला. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची अख्खी लोकसंख्याच अकरा लाखांच्या आत भरली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं. भरीला नोव्हेंबर २०२२ पासून बांगलादेशच्या चितगाव डोंगराळ भागातून बॉम समाजाची कुटुंबं आली, आणि मे २०२३ मध्ये मणिपूर पेटल्यावर तिथून कुकी-झो समाजाची बारा हजारांवर माणसं आली. कायद्याच्या भाषेत ही शेवटची माणसं शरणार्थी नव्हेत, आपल्याच देशातले विस्थापित. त्यांना भात वाढणारे हात मात्र तेच होते.

दिल्लीचा सूर सुरुवातीला वेगळा होता. १० मार्च २०२१ च्या पत्रात केंद्रीय गृहखात्यानं ईशान्येतल्या सीमावर्ती राज्यांना कळवलं की येणारे लोंढे थोपवा, कोणाला शरणार्थी दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही आणि भारतानं १९५१ च्या शरणार्थी करारावर सही केलेली नाही. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पुढच्याच आठवड्यात पंतप्रधानांना पत्र लिहिलं: हे आमचे रक्ताचे आहेत, यांच्याकडे पाठ फिरवणं आम्हाला जमणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात शेजारच्या मणिपूर सरकारनं सीमेवरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आदेश काढला की अन्न-निवाऱ्यासाठी शिबिरं उघडू नका आणि नागरी संघटनांनाही उघडू देऊ नका. त्यावर एवढा गहजब झाला की तीन दिवसांत तो आदेश मागे घ्यावा लागला. भुकेल्याला जेवायला घालणारा गावातला माणूस सरकारी कागदावर नोंद घेण्याजोगा ठरला तो असा, मनाईच्या यादीतला इसम म्हणून.

आलेल्यांना सांभाळलं कोणी? ग्रामपरिषदांनी, चर्चनं आणि ‘यंग मिझो असोसिएशन’च्या गावशाखांनी. ही संघटना १५ जून १९३५ ची. आधी नाव ‘यंग लुशाई असोसिएशन’ होतं, १९४७ मध्ये बदललं. नावात तरुण असले तरी गावातली थोर माणसंही तिच्यात असतात. गावात कोणी वारलं की खड्डा खणायला, डोंगर खचला की रस्ता मोकळा करायला, कोणी रानात हरवलं की शोधायला तिचेच कार्यकर्ते जातात. या मंडळींनी बांबू तोडले, ताडपत्र्या बांधल्या, सभागृहं आणि रिकामी घरं उघडून दिली, तांदूळ आणि जुने कपडे गोळा केले. राज्य सरकारनंही मोठं मन दाखवलं. २०२१ मध्येच शिक्षण खात्यानं कळवलं की आलेल्या मुलांना शिक्षणहक्क कायद्याखाली शाळेत दाखल करून घ्या.

या पुस्तकाचा विषय, म्हणजे अशा स्थानिक गटांना मिळणारं अनुदान, यानंतर सुरू होतो.

पहिल्या काही महिन्यांचं काम गावाच्या पुण्याईवर निघतं. शेजाऱ्यावर संकट आलं की माणूस हिशेब करत नाही. पण वर्ष उलटतं, दुसरं लागतं, आणि गरजांचा चेहरामोहरा बदलतो. आधी ताडपत्री हवी होती, आता ती फाटली आहे आणि पावसाळा तोंडावर आहे. आधी भात हवा होता, आता मधुमेहाच्या रुग्णाला दर महिन्याला न चुकता इन्सुलिन हवं आहे. पोरगी दहावीला बसायची आहे, तिच्याजवळ मागच्या शाळेचा एकही कागद नाही, आणि तो कसा मिळवायचा हे सांगायला कुणीतरी जाणतं माणूस हवं. बाळंतीण अडली तर झोखावथारहून चम्फाईला न्यायला रात्री सुमो भाड्यानं घ्यावी लागते, आणि तिथून ऐजॉलला पाठवलं तर पुढचा दिवस डोंगरातल्या वळणांवर जातो. ज्यांनी डोळ्यांसमोर माणसं मेलेली पाहिली त्यांच्याशी कुणीतरी शांतपणे, पुन्हा पुन्हा बोलायला हवं. यातलं एकही काम मुठीच्या तांदळावर भागत नाही. त्याला रोख पैसा लागतो, तोही दर महिन्याला, आणि तो सांभाळायला रोज वेळ देणारं माणूस लागतं.

त्यात यजमान गाव श्रीमंत नाही. डोंगरउतारावरची झूम शेती, थोडा व्यापार, सरकारी नोकऱ्या. पाहुणे वर्षानुवर्षं राहिले की मजुरीचे दर पडतात, पाण्याच्या टाकीवर रांग लांबते, कुठे चोरीमारी झाली की बोट नवख्यांकडे वळतं. या कुरबुरींना माणुसकी आटल्याची खूण समजणं अन्यायाचं होईल. गाव दमलं, इतकाच त्यांचा अर्थ. दमलेल्या गावाला टेकू देणं म्हणजे अनुदान, आणि माझ्या मते ते वेळेवर देणं हाच शरणार्थी आणि गावकरी यांच्यातलं नातं टिकवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

मग पैसा अडतो कुठे? जगात शरणार्थींसाठी पैसा नाही असं म्हणवत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेनं हात आखडता घेतल्यापासून संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी उच्चायुक्तालयाला हजारो पदं कमी करावी लागली, तरीही एकूण रक्कम थोडीथोडकी नाही. अडचण वाटेत आहे. उच्चायुक्तालयाची भारतातली कार्यालयं दिल्ली आणि चेन्नईत आहेत आणि मिझोराममध्ये काम करायला त्याला वाव मिळालेला नाही. ज्याला त्याच्याकडे नाव नोंदवायचं असेल त्यानं दिल्ली गाठावी. चम्फाईच्या बांबूच्या झोपडीपासून दिल्ली किती लांब, हे नकाशात पाहिलं की कळतं.

दुसरी वाट परदेशी देणग्यांची. तिच्यावर परदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, उभा आहे. आणीबाणीत, १९७६ साली, हा कायदा पहिल्यांदा आला आणि २०१० मध्ये नव्यानं झाला. पण लहान संस्थांच्या दृष्टीनं खरा घाव बसला तो सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनं. तोवर एखाद्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेला परदेशातून आलेल्या निधीतला वाटा दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे सोपवता येत असे. मुंबई-दिल्लीतली मोठी संस्था अर्ज, ऑडिट, इंग्रजी अहवाल सांभाळायची आणि जिल्ह्यातली लहान संस्था काम करायची. दुरुस्तीनं हे सोपवणंच बंद केलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. परदेशी पैसा स्वीकारण्यासाठी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेत खातं उघडणं सक्तीचं झालं, मग संस्था ऐजॉलची असो की गडचिरोलीची. नोंदणी हवी तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिनं आपल्या कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. शिबिराच्या काळजीपोटी परवा-तेरवा एकत्र आलेल्या दहा-बारा माणसांनी तीन वर्षांचा इतिहास आणायचा कुठून?

याच कायद्याखालची एक तरतूद इथे आठवते. परदेशातल्या नातेवाइकाकडून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत रक्कम घेतली तर ती सरकारला कळवावी लागत नाही. २०२२ पर्यंत ही मर्यादा एक लाख होती, ती वाढवली हे चांगलंच झालं. मात्र अमेरिकेत, इंडियानापोलिससारख्या शहरांत, चिन समाजाच्या मोठ्या वस्त्या आहेत. तिथल्या मंडळींनी एकत्र येऊन गावसमितीच्या हाती औषधांसाठी पैसे द्यायचे म्हटले तर ती समिती नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ शकत नाही. घराघरांत पैसा पोचू शकतो, समितीच्या कपाटात नाही. ज्याचं कोणी परदेशात नाही तो मग या सगळ्याबाहेर राहतो, आणि समिती असते ती नेमकी त्याच्यासाठी.

तिसरी वाट देशातल्या पैशाची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. कोणत्या कामांवर, ते कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिलं आहे. त्यात भूकनिवारण आहे, आरोग्य आहे, शिक्षण आहे, आपत्तीनंतरचं पुनर्वसनही आहे. शरणार्थी हा शब्द नाही. शब्द नाही म्हणून मनाई आहे असं होत नाही. इन्सुलिन हे आरोग्यच आणि दहावी हे शिक्षणच. पण कंपनीच्या समितीत बसलेला अधिकारी जोखीम कशाला घेईल? शिवाय कायदा म्हणतो की कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. त्यामुळे जिथे उद्योग तिथे निधी, असं चित्र झालं आहे. देशात या पैशाचा सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राच्या पदरात पडतो, आणि जिथे फारसे कारखानेच नाहीत ती मिझोरामसारखी राज्यं यादीत तळाशी असतात. २०२१ पासून तर पैसा घेणाऱ्या संस्थेला कंपनी खात्याकडे वेगळी नोंदणी लागते, आणि त्या नोंदणीला आयकर कायद्याखालची १२ए व ८०जी ही प्रमाणपत्रं लागतात. एकेका कागदामागे दुसरा कागद उभा आहे.

आता हे कागद ज्याच्या हातात पडतात त्याच्या बाजूनं पाहू. गावसमितीचं काम पाहणारा माणूस बहुधा शाळामास्तर असतो, नाहीतर चर्चचा कार्यकर्ता. त्याच्याजवळ असते एक लांबट वही. तिच्यात पट्टीनं आखलेले रकाने: कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, कुठल्या गावाहून आली, कोणत्या तारखेला, अंगावर तान्हं आहे का, गरोदर कोणी, रोजचं औषध कोणाचं, ताडपत्री दिली की नाही. शेवटचा रकाना ‘शेरा’ असा, आणि त्यात खरा मजकूर. म्हातारी एकटी आहे, मुलगा मागे राहिला. दोन भाऊ, मोठा बोलत नाही. या वहीइतकी अचूक माहिती जगातल्या कुठल्याही मोठ्या संस्थेच्या संगणकात नसते, कारण ती लिहिणारा रोज त्या दारांवरून चालत जातो.

त्याच्यासमोर अनुदानाचा अर्ज येतो. इंग्रजीत, पंचवीस-तीस पानांचा. समस्येचं विवरण द्या. अपेक्षित परिणाम द्या आणि प्रत्येक परिणामामागे मोजता येणारा निर्देशक द्या. लाभार्थींची संख्या तिमाहीवार द्या. अठरा महिन्यांनी हा प्रकल्प स्वतःच्या पायावर कसा उभा राहील ते सांगा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडा. पगार, भाडं, प्रवास एकूण रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. यातला स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा प्रश्न मला सगळ्यात क्रूर वाटतो. तिआउपलीकडे गोळ्या थांबतील केव्हा, हे त्या मास्तराच्या हाती आहे का? शिबिर स्वतःच्या पायावर उभं राहत नसतं. ते एक दिवस रिकामं व्हावं, माणसं आपापल्या घरी जावीत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवता येते.

आणि पगार-भाडं-प्रवास या तीन शब्दांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. देणगीदारांच्या मनात एक पक्की समजूत आहे: माझा पैसा थेट गरजूच्या ताटात पडावा, कार्यालयात जिरू नये. भावना स्वच्छ आहे. पण शरणार्थींच्या कामात गरजूला जे हवं असतं ते पुष्कळदा वस्तूच्या रूपात नसतं. त्याला फॉर्म भरून देणारा हवा असतो, दुभाषा हवा असतो, इस्पितळात सोबत बसणारी बाई हवी असते, पोलिसांनी हटकलं तर ज्याला फोन करता येईल असा माणूस हवा असतो. इथे पगार म्हणजेच सेवा. सुमोचं भाडं म्हणजेच उपचार. त्या खर्चाला ‘वरखर्च’ म्हणून कात्री लावली की ब्लँकेटं उरतात, आणि ब्लँकेटं तर गावानं आधीच दिलेली असतात.

हा विचार आपल्या देशाला नवा आहे असंही नाही. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी शरणार्थींना सरकारनं जमिनी दिल्या, वसाहती वसवून दिल्या. कर्नाटकातलं बायलाकुप्पे सगळ्यांना माहीत असतं. पण १९७२ पासून आपल्या विदर्भातही, आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. या वसाहतींचा कारभार तिबेटींचीच मध्यवर्ती मदत समिती बघते. २०१५-१६ पासून केंद्रीय गृहखात्यानं या समितीला पाच वर्षांसाठी चाळीस कोटी रुपयांचं अनुदान मंजूर केलं, वर्षाला आठ कोटी. आणि ते कशासाठी, तर वसाहतींच्या कार्यालयांचा प्रशासकीय खर्च आणि समाजकल्याण. पाच वर्षं संपल्यावर ते पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवलं. म्हणजे अनेक वर्षांचं, कार्यालय चालवण्यासाठीचं, शरणार्थींच्या स्वतःच्या संघटनेच्या हाती दिलेलं अनुदान आपल्याच सरकारनं दिलेलं आहे. खासगी विश्वस्त संस्था जे द्यायला बिचकतात तेच. या उदाहरणाची आठवण प्रत्येक विश्वस्त मंडळाच्या बैठकीत करून द्यायला हवी.

तमिळनाडूचा अनुभव आणखी एक गोष्ट शिकवतो. १९८३ च्या हिंसाचारानंतर श्रीलंकेतले तमिळ बोटींतून रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागले. राज्य सरकारनं शिबिरं उघडली, दरमहा रोख मदत सुरू केली. २०२१ मध्ये मुख्यमंत्री स्टालिन यांनी या लोकांसाठी ३१७ कोटींची योजना जाहीर केली आणि शिबिरांना पुनर्वसन शिबिरं म्हणायचं ठरलं. पण शिबिरांच्या आतलं शिक्षण, बचतगट, आरोग्यसेविका, कागदपत्रं हे सगळं ज्या ‘ऑफर’ या संघटनेनं उभं केलं ती १९८४ मध्ये शरणार्थींनीच स्थापलेली. एस. सी. चंद्रहासन हे तिचे संस्थापक, श्रीलंकेतले तमिळ नेते चेल्वनायकम यांचे पुत्र. शिबिरात वाढलेली मुलंच पुढे तिथे शिक्षक आणि कार्यकर्ते झाली. सरकारची रक्कम आणि शरणार्थींची संघटना यांचा मेळ बसला तिथे दोन पिढ्या शिकल्या. नुसत्या रकमेवर हे झालं नसतं, नुसत्या तळमळीवरही नाही.

परदेशांत काय चालतं, हे पाहायला जरा थांबते ब्रिटनपाशी, कारण तिथली व्यवस्था आपल्याला बरंच काही दाखवते. तिथे १९९९ च्या कायद्यानंतर आश्रय मागणाऱ्यांना लंडनबाहेरच्या शहरांत पाठवायला सुरुवात झाली. मँचेस्टर, ग्लासगो, शेफील्ड अशा ठिकाणी माणसं एकदम येऊन पडली. अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्यांना सहसा नोकरी करता येत नाही. सरकार राहायला जागा देतं आणि वर हातखर्च; २०२४ च्या सुरुवातीला ठरलेला त्याचा दर होता आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स. जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवलेल्यांना तेव्हा नऊ पौंडही नव्हते. वकिलाकडे जायचं बसभाडं यातूनच. पुढे आश्रय मंजूर झाला की दुसरंच संकट: सरकारी जागा सोडायला वर्षानुवर्षं एरवी २८ दिवसांचीच मुदत असे. शरणार्थी म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच महिन्यात माणूस रस्त्यावर आला, असं कितीदा तरी घडलं आहे. ही मधली भगदाडं बुजवली ती चर्चच्या दालनांत चहा, इंग्रजीचे वर्ग आणि बसचे पास देणाऱ्या लहान गटांनी. २००५ मध्ये शेफील्डला इंदरजित भोगल आणि क्रेग बार्नेट यांनी ‘सिटी ऑफ सँक्च्युअरी’ ही चळवळ सुरू केली आणि दोन वर्षांत ते शहर स्वतःला आश्रयाचं शहर म्हणवू लागलं. भोगल नैरोबीत जन्मलेले, शीख घरातले आणि मेथडिस्ट धर्मोपदेशक झालेले. आता अशा चळवळी ब्रिटनभर आहेत.

या गटांना पैसा कुठून मिळतो? बराचसा लॉटरीतून. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नाचा एक भाग लोकोपयोगी कामांसाठी राखलेला असतो आणि त्यातून ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ या योजनेत तीनशेपासून वीस हजार पौंडांपर्यंत लहान अनुदानं मिळतात. अटी साध्या: गटाची लेखी घटना असावी, परस्परांचे नातेवाईक नसलेले किमान दोन पदाधिकारी असावेत, गटाच्या नावानं बँकेत खातं असावं. धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी झालेलीच हवी असं नाही. परवा जमलेल्या दहा माणसांनाही यातून सुरुवात करता येते. तिथेही सगळं आलबेल नाही. २००२ मध्ये हद्दपारीविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेला लॉटरीच्या निधीतून अनुदान मिळालं तेव्हा एका मोठ्या वृत्तपत्रानं त्याविरुद्ध मोहीमच उघडली होती. तरी छोट्या गटाला छोटी रक्कम सोप्या अर्जावर देण्याची ती सोय टिकून आहे, आणि आपल्याकडे तिच्या तोडीचं काही नाही.

जागतिक पातळीवर हीच गोष्ट मोठ्या शब्दांत मान्य झालेली आहे. मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत देणगीदार देशांनी आणि मोठ्या मदतसंस्थांनी वचन दिलं की २०२० पर्यंत मदतीचा एक चतुर्थांश पैसा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांकडे जाईल. ती मुदत केव्हाच उलटली. थेट पोचणारा वाटा अजून थोड्याशा टक्क्यांपलीकडे सरकलेला नाही.

महाराष्ट्रानं या बाबतीत हात आखडता घ्यावा अशी आपली परंपरा नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर वसवलं. आज या राज्यात विश्वस्त संस्था आहेत, कंपन्यांचा निधी आहे, आणि मध्यमवर्गात दान करण्याची सवयही आहे. अडतं ते भीतीपाशी. “हे बेकायदा तर ठरणार नाही ना?” हा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत सगळ्यात आधी येतो, आणि तो रास्त आहे. परदेशी नागरिकांविषयीचा कायदा कडक आहे, २०२५ मध्ये तो नव्यानं आला आहे, आणि माहीतगार वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. पण सोबत हेही ठाऊक असावं की घटनेचं एकविसावं कलम जीविताची हमी ‘व्यक्ती’ला देतं, नागरिकापुरतीच ठेवत नाही. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा शरणार्थींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट सांगितलं आणि त्यांच्या जिवाचं रक्षण करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. मिझोराम सरकारनं स्वतः शाळेत घेतलेल्या मुलाच्या वह्या-पुस्तकांना किंवा सरकारी इस्पितळात दाखल बाईच्या औषधांना देशातला पैसा देणं, यात भिण्यासारखं काय आहे ते मला दिसत नाही.

अनुदान कसं असावं याविषयी माझं म्हणणं या पुस्तकातल्या लेखांमधून पुढे तपशिलानं येईलच. इथे एवढंच सांगते, की रक्कम लहान असली तरी चालेल, ती तीन वर्षं टिकली पाहिजे. वर्षाच्या अनुदानावर ठेवलेली कार्यकर्ती आठव्या महिन्यात दुसरी नोकरी शोधू लागते, आणि तिच्याबरोबर त्या वहीतल्या शेऱ्यांची जाणही निघून जाते. अर्ज मराठीत, मिझोत, तमिळमध्ये, फोनवर बोलून, कसाही घ्यावा. भाषांतराचा भार देणाऱ्यानं उचलावा. हिशेब चोख मागावा, त्यात सवलत नको, कारण लहान संस्थेचा नावलौकिक एका गफलतीनं जातो. पण हिशेब लिहायला माणूस लागतो, तर त्याचा पगारही त्याच अनुदानात धरावा. आणि निवड समितीत शरणार्थी म्हणून जगलेली एक तरी व्यक्ती असावी. कोणत्या अर्जात खरं काम आहे आणि कोणत्यात नुसती भाषा, हे तिला दोन ओळींत कळतं.

वाचकांपैकी जे एखाद्या न्यासाचे विश्वस्त आहेत, कंपनीच्या सामाजिक निधीचं काम पाहतात किंवा दरवर्षी ८०जीची पावती घेऊन देणगी देतात, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीपूर्वी तुमच्या संस्थेचा अनुदानाचा अर्ज काढा आणि तो चम्फाईतल्या त्या शाळामास्तराला भरता येईल का, हे एकदा वाचून पाहा. येणार नसेल तर अर्ज बदला. आणि यंदाच्या अंदाजपत्रकात एक तरी रक्कम अशी ठेवा की जिच्यापुढे ‘स्थानिक गटाचा पगार, भाडं आणि प्रवास, तीन वर्षांसाठी’ असं लिहिलेलं असेल.